तारापूरच्या दोन वह्या

रायपूरच्या पंडरी कापड मार्केटात मार्चअखेरीला गिऱ्हाईक नकोसं असतं. २०२५ च्या मार्चमध्ये अस्तराचं कापड घ्यायला गेले, तर ओळखीच्या दुकानात सगळे ताके फळ्यांवरून खाली उतरवलेले. एक पोरगा मीटरपट्टीने मोजत होता, दुसरा आकडे ओरडून सांगत होता आणि शेठ ते वहीतल्या आकड्यांशी जुळवत होते. "बहनजी, आज स्टॉक है. चाय पी लो, कपड़ा कल," म्हणाले. बसले मग.

जुळतं का, असं विचारलं तर हसले. तंतोतंत कधीच जुळत नाही. वहीत एकशे वीस मीटर, हातात एकशे सतरा. कापताना चार बोटं जास्त जातात, शेवटचा तुकडा कुणी घेत नाही, मोजताना कापड ताणलं जातं. इकडे रायपुरात त्याला छीजन म्हणतात, आपण घट म्हणू. घट असणारच, शेठचं लक्ष ती किती आहे याकडे असतं. तीन मीटर गेलं तर छीजन, तीस गेलं तर चोरी.

गल्ल्याशेजारी आठ-दहा दिवसांपूर्वीचा पेपर पडला होता. रायपूरच्या ऊर्जा गुंतवणूक परिषदेची बातमी होती त्यात: एनटीपीसी छत्तीसगडमध्ये ४,२०० मेगावॉटचा अणुवीज प्रकल्प उभारू पाहते, गुंतवणूक ८०,००० कोटी रुपये. कोरबाच्या कोळशावर देशाला वीज पुरवणाऱ्या राज्यात अणुवीज! शेठना त्याचं नवल नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "इससे बम भी बनता है क्या?"

तेव्हा मी चहाच्या घोटात काहीतरी मोघम उत्तर दिलं. खरं उत्तर एका वाक्यात मावत नाही, पण ते त्यांच्या समोरच्या वहीतच होतं.

वीजघरात बॉम्ब बनत नाही. अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटूही शकत नाही, तिच्यातल्या इंधनाची ती प्रतच नव्हे. पण दोघांच्या कच्च्या मालाचं घराणं एक. जमिनीतून निघणाऱ्या युरेनियमचे हजार अणू घेतले, तर त्यातले जेमतेम सात कामाचे, युरेनियम-२३५ जातीचे. उरलेले ९९३ युरेनियम-२३८. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारख्या, साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीला हे प्रमाण साधारण दोन ते पाच टक्के लागतं. बॉम्बला नव्वदच्या आसपास. पाच आणि नव्वद हे आकडे ऐकले की मध्ये फार मोठी दरी असेल असं वाटतं. इथेच भलेभले फसतात.

हिशोब करून पाहा. हजारांतले सात अणू तसेच ठेवून बाकीचे निवडून फेकायचे आहेत. पाच टक्क्यांपर्यंत यायला साधारण ८६० फेकावे लागतात, म्हणजे १४० उरतात आणि त्यात आपले सात. तिथून नव्वदपर्यंत जायला आणखी १३२ फेकले की झालं. साठ टक्क्यांवर आलेल्या देशाच्या हातात त्या सातांभोवती पाचच फालतू अणू राहिलेले असतात. हा हिशोब ढोबळ आहे, प्रत्यक्षात काही चांगले अणूही कचऱ्याबरोबर जातात. पण खेळ कळायला पुरेसा आहे: शांततेच्या कामासाठी केलेल्या श्रमात बॉम्बचे बहुतेक श्रम आधीच होऊन गेलेले असतात. इराणशी २०१५ साली झालेल्या करारात मर्यादा ३.६७ टक्के इतकी काटेकोर का होती, आणि २०२१ मध्ये इराण साठ टक्क्यांवर गेल्यावर जगाला घाम का फुटला, ते यातून समजतं.

हा झाला एक रस्ता. दुसरा भट्टीच्या पोटातून जातो. भट्टी पेटली की फालतू म्हणून हिणवलेला युरेनियम-२३८ एक न्यूट्रॉन गिळतो आणि काही दिवसांत प्लुटोनियम-२३९ होऊन बसतो. हा बॉम्बला चालतो. शिवाय तो वेगळा करायला अणू अणू निवडायची कटकट नाही. मूलद्रव्यच निराळं, त्यामुळे जळालेलं इंधन आम्लात विरघळवून रसायनशास्त्राने तो बाजूला काढता येतो. याला पुनर्प्रक्रिया म्हणतात. इंधन अतिशय किरणोत्सारी असल्यामुळे जाड भिंतींआडून यांत्रिक हातांनी काम करावं लागतं, तरी ते रसायनशास्त्रच.

यातली खरी मेख वेळेत आहे. इंधन भट्टीत जास्त दिवस राहिलं की त्यात प्लुटोनियम-२४० साचत जातो. तो आपोआप फुटत राहतो आणि शस्त्र बनवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला आणतो. म्हणून ज्याला बॉम्ब हवा, तो इंधन लवकर बाहेर काढतो. ज्याला वीज हवी, तो ते शेवटच्या धगीपर्यंत वापरतो, कारण इंधनाला पैसे पडतात. भट्टीतून इंधन किती दिवसांनी बाहेर पडतं हे कुणी पाहत असेल, तर मालकाच्या मनात काय आहे याचा अंदाज त्याला येतो. तारापूर १ आणि २ चं इंधन बदलायचं तर भट्टी बंद करून झाकण उघडावं लागतं, ते लपत नाही. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत मात्र इंधन चालू भट्टीतच बदललं जातं, रोज बदललं तरी बाहेरून काही दिसत नाही. वीजकेंद्र म्हणून ही मोठी सोय. पाहणी करणाऱ्याला डोकेदुखी.

आणि हो, वीजघरातून निघालेलं 'जुनं' प्लुटोनियम निरुपद्रवी असतं असंही नाही. त्यातूनही ओबडधोबड स्फोटक होऊ शकतं. म्हणूनच व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हिशोब करताना त्याची प्रत विचारात घेत नाही. आठ किलो प्लुटोनियम हे तिचं माप. एवढं गहाळ झालं तर एक बॉम्ब गहाळ झाला असं धरायचं. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमध्ये सहा किलोच्या आसपास होतं.

आता आपली गोष्ट. ती मुंबईत तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, किनाऱ्यावर सुरू होते; धागा मात्र अमेरिकेपासून येतो. ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू'ची घोषणा केली: गुप्त ठेवलेलं ज्ञान जगाला वाटायचं, बदल्यात जगाने ते शांततेच्याच कामाला लावायचं. दोन वर्षांनी, १९५५ साली, जिनिव्हाला झालेल्या पहिल्या मोठ्या परिषदेचे अध्यक्ष होते होमी भाभा. प्लुटोनियम वेगळं काढण्याची रसायनंही त्या परिषदेत खुली झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशांसाठी तो सणच होता.

१९५६ मध्ये कॅनडाने आपल्याला ४० मेगावॉटची संशोधन भट्टी द्यायचं ठरवलं आणि अमेरिकेने तिच्यासाठी जड पाणी दिलं. दोन्ही देशांची नावं भट्टीच्या नावात गुंफली: सायरस. जुलै १९६० मध्ये ती तुर्भ्याला पेटली. नंतर तिच्या शेजारीच भारतीयांनी स्वतः बांधलेला प्लुटोनियमचा कारखाना उभा राहिला, त्याची धुरा होमी सेठनांकडे होती. जानेवारी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याचं उद्घाटन केलं. सायरसच्या करारात शांततेच्या वापराचं वचन होतं. पण कुणीतरी बाहेरून येऊन वजन करेल, सील लावेल, अशी अटच नव्हती. व्हिएन्नाची संस्था १९५७ सालची, करार तिच्याही आधीचा.

१८ मे १९७४ ला पोखरणच्या जमिनीखाली जे फुटलं, त्यातलं प्लुटोनियम सायरसचं होतं. भारताने त्याला शांततामय अणुस्फोट म्हटलं. त्या काळी कालवे, बंदरं खणायला अणुस्फोट वापरायच्या गप्पा अमेरिका आणि रशिया दोघेही करत होते, त्यामुळे कागदावर भारताचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. कॅनडाला ते विश्वासघातासारखं वाटलं आणि त्याने सहकार्य तोडलं. मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, चूक करार लिहिणाऱ्यांची होती. शेठच्या भाषेत सांगायचं तर ताका दिला, वही ठेवली नाही आणि वर्षअखेरीला भांडण काढलं.

याचा फटका कुणाला बसला ते पाहण्यासारखं आहे. तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये. अमेरिकेशी १९६३ साली झालेल्या करारानुसार जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या तिथल्या दोन भट्ट्या १९६९ पासून वीज देत होत्या. इंधन तीस वर्षं अमेरिका पुरवणार होती. या भट्ट्यांना सायरससारखी मोकळीक नव्हती. १९७१ पासून भारत, अमेरिका आणि व्हिएन्नाची संस्था यांच्या तिहेरी कराराखाली त्यांचा हिशोब ठेवला जात होता. त्यांच्यातलं प्लुटोनियम पोखरणला गेलं नव्हतं. तरीही १९७८ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला की ज्या देशाच्या सगळ्या भट्ट्या पाहणीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचं नाही, आणि गळफास पडला तो तारापूरला. गुन्हा तुर्भ्याच्या विनावहीच्या भट्टीचा, शिक्षा वही चोख ठेवणाऱ्या वीजघराला!

त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला आलेल्या अध्यक्ष कार्टर यांनी आपल्या परराष्ट्रमंत्र्याच्या कानात सांगितलं, की मोरारजीभाईंना 'थंड आणि अगदी रोखठोक' पत्र लिहायला हवं. शेजारचा मायक्रोफोन चालू होता. तरी १९८० मध्ये याच कार्टरनी तारापूरला ३८ टन इंधन पाठवायची परवानगी दिली आणि सिनेटमध्ये ती ४८ विरुद्ध ४६ अशी काठावर वाचली. पुढे १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्यात तडजोड होऊन फ्रान्स पुरवठादार झाला, मग चीन, मग रशिया. बोईसर-पालघरच्या दिव्यांचा प्रश्न वॉशिंग्टनच्या मतपेटीत अडकला होता, हे मुंबईच्या लोकलमध्ये बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल?

पोखरणचा दुसरा परिणाम म्हणजे अणुपुरवठादार देशांचा गट. १९७५ पासून लंडनमध्ये बसून या देशांनी कुणाला काय विकायचं नाही याची यादी केली. तोवर उशीर झाला होता, कारण खरी गळती वेगळ्याच नळातून व्हायची होती.

१९३६ मध्ये भोपाळात जन्मलेला एक मुलगा १९५२ साली पाकिस्तानात गेला. छत्तीसगड २००० पर्यंत मध्य प्रदेशातच होतं, म्हणजे पुढे जी आमची राजधानी झाली त्या शहराचाच तो. धातुशास्त्र शिकून तो हॉलंडमध्ये एका कंपनीत लागला. युरेनियम निवडणाऱ्या अतिवेगवान फिरत्या नळकांड्यांचं, सेंट्रिफ्यूजचं, काम त्या कंपनीकडे येत असे. १९७५ अखेरीला तो परतला तेव्हा आराखडे आणि पुरवठादारांची नावं त्याच्याजवळ होती. हे अब्दुल कादीर खान. त्यांच्या कहुटाच्या कारखान्यातून पाकिस्तानचा बॉम्ब निघाला. कराचीला कॅनडाने बांधलेलं अणुवीजघर १९७२ पासून चालू होतं, त्याचा त्यात हात नव्हता. पुढे खान यांच्या जाळ्याने तोच माल लिबिया, इराण आणि उत्तर कोरियाला पुरवला आणि २००४ मध्ये त्यांनी टीव्हीवर येऊन कबुली दिली.

बाकीचे देशही असेच. उत्तर कोरियाचं प्लुटोनियम योंगब्योनच्या एका चिमुकल्या भट्टीतून आलं, विजेच्या मापाने पाच मेगावॉटच्या. ते राष्ट्र २००३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडलं आणि २००६ मध्ये त्याने स्फोट केला. दक्षिण आफ्रिकेने सहा बॉम्ब बनवले ते युरेनियम निवडून. त्यांचं कोबर्गचं वीजघर वेगळंच होतं. सहाही बॉम्ब मोडून तो देश १९९१ मध्ये करारात आला आणि दोन वर्षांनी अध्यक्ष डी क्लार्क यांनी हे सगळं संसदेत उघड सांगितलं. स्वतः बनवलेली सगळी अण्वस्त्रं स्वतःच मोडणारा दुसरा देश अजून झालेला नाही. याचा अर्थ, शेठना भीती वाटते त्या हजार मेगावॉटच्या वीजघरातून आजवर कुणा विकसनशील देशाचा बॉम्ब निघालेला नाही. तो निघाला छोट्या 'संशोधन' भट्टीतून किंवा बंद शेडमध्ये चाललेल्या युरेनियमच्या निवडणीतून. वीजघराने दिली ती माणसं, प्रशिक्षण आणि एक सभ्य निमित्त.

मग व्हिएन्नाचे निरीक्षक नेमकं करतात काय? शेठ करत होते तेच. वही तपासतात, प्रत्यक्ष माल मोजतात, फरक काढतात. वापरलेल्या इंधनाच्या तलावावर कॅमेरे असतात. डब्यांना धातूचं छोटं सील लागतं. त्याच्या आतल्या बाजूला वेडेवाकडे चरे असतात आणि लावण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवलेले असतात. सील काढून व्हिएन्नाला नेतात आणि चरे जुळतात का पाहतात. बनावट सील करणाऱ्याला तेच चरे पुन्हा पाडता येत नाहीत. शिवाय भिंतीवर, टेबलावर कापडाचा बोळा फिरवून धूळ घेतात. युरेनियम किती टक्क्यांपर्यंत नेलं होतं ते धुळीचा कण सांगून जातो.

घट तिथेही आहेच. जपानच्या तोकाई इथल्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात २००३ च्या सुरुवातीला कबूल करावं लागलं, की पंचवीस वर्षांत वेगळ्या केलेल्या सुमारे सात टन प्लुटोनियमपैकी २०६ किलो हिशोबात बसत नाही. आठ किलोचं माप लावलं तर पंचवीस बॉम्ब! पुन्हा मोजून हा आकडा ५९ किलोवर आणला गेला, बाकीचं कचऱ्यात गेलेलं किंवा हिशोबातच चुकलेलं निघालं. चोरी झाली असं कुणी म्हटलं नाही. पण जपानसारख्या शिस्तीच्या देशात ही गत. साधी भट्टी मोजणं सोपं, तिथे इंधनाच्या कांड्या एक, दोन, तीन अशा मोजता येतात. पुनर्प्रक्रियेत सगळं द्रवात विरघळलेलं, तिथे छीजन कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते हे सांगणं अवघड होतं. म्हणून एखादा देश वीजघर मागतो तेव्हा मी फारशी बिचकत नाही. वीजघराबरोबर पुनर्प्रक्रिया किंवा युरेनियम निवडण्याचा कारखाना मागू लागला की कान टवकारावेत.

आपण मात्र स्वतःला या हिशोबापासून वेगळे समजतो. त्याला कारण आहे. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारात १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश अण्वस्त्रधारी, बाकी सगळ्यांनी हात वर करायचे, अशी वाटणी झाली. भारताने सही केली नाही. ही वाटणी अन्यायाची होती यात मला शंका नाही. पण तक्रार खरी असली तरी मोजणी टाळायचं ते कारण होत नाही, हेही तितकंच खरं.

१९९८ च्या पोखरणच्या स्फोटांनंतर दहा वर्षांनी पुरवठाबंदीचा तिढा सुटला तो दोन वह्या करून. अमेरिकेशी अणुकरार करताना भारताने तेव्हा चालू असलेल्या आणि बांधल्या जाणाऱ्या २२ वीजभट्ट्यांपैकी १४ नागरी ठरवून व्हिएन्नाच्या पाहणीखाली द्यायचं मान्य केलं. उरलेल्या आठ बाहेर. सप्टेंबर २००८ मध्ये पुरवठादार गटाने सूट दिली. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेव्हा अनिल काकोडकर होते, बडवानीत जन्मलेले, म्हणजे आमच्यासारखेच हिंदी मुलखातले मराठी. कल्पाक्कमची जलद प्रजनक भट्टी, म्हणजे जळेल त्यापेक्षा जास्त नवं इंधन तयार करणारी, नागरी यादीत जाऊ द्यायची नाही, यावर ते ठाम राहिले. सायरस ३१ डिसेंबर २०१० ला कायमची विझली. तुर्भ्याचीच ध्रुव, १९८५ पासूनची, यादीबाहेर राहिली. आणि १९७४ मध्ये रुसलेल्या कॅनडाने २०१५ मध्ये पुन्हा युरेनियम पाठवायला सुरुवात केली.

या वाटणीचं सगळ्यात नवलाचं चित्र तारापूरलाच दिसतं. १ आणि २ क्रमांकाच्या जुन्या भट्ट्या नागरी यादीत, कॅमेरे आणि सीलांसह. त्यांच्या शेजारच्या ३ आणि ४, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, देशी बनावटीच्या, ज्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्या यादीबाहेर. चौघींची वीज एकाच जाळ्यासाठी, पण वह्या दोन. बाहेर ठेवलेल्या भट्ट्यांतून बॉम्बचा माल निघतोच असं नाही, त्या मुख्यतः वीजच करतात. पण निघत नाही हे सांगणारा तिसरा कुणी तिथे नसतो. पाकिस्तानने तेव्हा हरकत घेतली ती याच जागी: परदेशी युरेनियम वीजघरांना मिळालं की देशी युरेनियम दुसऱ्या कामाला मोकळं होतं. शेजाऱ्याच्या तोंडचं असलं तरी हे गणित चुकीचं नाही.

छत्तीसगडच्या प्रकल्पाचं गणितही इथून सुरू होतं. जुन्या राजनांदगाव जिल्ह्यात बोदलला युरेनियमचा साठा सापडलेला आहे, झारखंडात जादूगुड्याची खाण १९६७ पासूनची. पण देशी माल तुटपुंजा. परदेशातून आणलेलं इंधन ज्या भट्टीत जाईल, ती पाहणीखाली असावीच लागते. देशी इंधनावर चालणारी भट्टी कोणत्या यादीत टाकायची ते भारत सरकार ठरवतं.

प्रकल्प जागेवर आला तर जनसुनवाई होईल. तिथे लोक जमिनीचं विचारतील, पाण्याचं विचारतील, नोकऱ्यांचं विचारतील, आणि विचारायलाच हवं. तुम्ही गेलात तर आणखी दोन प्रश्न विचारा: इंधन कुठून येणार, आणि ही भट्टी कोणत्या वहीत लिहिणार?